एल्कला बोलवायचं कसं

त्या उन्हाळ्यात आमच्या साहेबांनी बिगुल मागवले. निदान त्यांना तरी ते बिगुल वाटले होते.

मी दुबईत एका ट्रेडिंग कंपनीत सेल्सचं काम बघते. तंबू, घडीच्या खुर्च्या, कंदील, वाळवंटात कोळशावर मांस भाजायच्या शेगड्या असा आमचा माल. साहेब कोल्हापूरकडचे. तरुणपणी इथं आले, आणि अजूनही कुठला माल स्वस्तात सुटतोय म्हटलं की त्यांचे डोळे लकाकतात. अमेरिकेतला एक घाऊक व्यापारी धंदा बंद करत होता. त्याच्याकडचा उरलासुरला माल साहेबांनी एका फोनवर उचलला. त्यात कॅम्पिंगच्या खुर्च्या होत्या आणि बिगुल होते. इथल्या इंडियन शाळांमध्ये बँड असतात, परेड असतात, तिथं बिगुल हातोहात खपतील असा साहेबांचा हिशोब.

खोकी उघडली तर आत पितळ कुठंच नव्हतं. हातभर लांबीच्या प्लास्टिकच्या नळ्या होत्या, व्हॅक्यूम क्लीनरच्या पाइपासारख्या वळ्यावळ्यांच्या, आणि त्यांवर झाडपाल्याच्या छापाचं कापड चढवलेलं. सोबत लहान पाकिटांत घोड्याच्या नालेसारखे रबराचे तुकडे. साहेबांनी एक नळी तोंडाला लावली आणि गाल फुगवून फुंकली. फक्त वारा आला.

"मॅडम, हे फुटकं आहे," साहेब म्हणाले.

त्यांनी दुसरी फुंकली, तिसरी फुंकली. सगळ्याच फुटक्या निघाल्यावर मी पाकिटावरचं वाचलं आणि फोनवर शोधलं. तो एल्कचा कॉल होता. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थंड मुलखातला थोरला भाऊ म्हणायला हरकत नाही. अंगानं घोड्याएवढा, डोक्यावर झाडाच्या फांद्यांसारखी शिंगं. पावसाळा सरता सरता तिकडे त्यांचा जोड्या जमवायचा मोसम येतो, तेव्हा नर डोंगरात ओरडत फिरतात. शिकारी या नळीतून तसाच आवाज काढतात, म्हणजे नराला वाटतं की आपल्या हद्दीत दुसरा कुणीतरी शिरलाय, आणि तो भांडायला जवळ येतो.

हे सगळं साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे शाळेत चालणार नाही," ते म्हणाले.

"नाही चालणार, सर."

थोडा वेळ ते खुर्चीत डोलत बसले. मग त्यांना अबू धाबीचं प्रदर्शन आठवलं. दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस तिथं ससाण्यांचं आणि शिकारीच्या सामानाचं मोठं प्रदर्शन भरतं आणि आम्ही तिथं तंबूंचा स्टॉल लावतो. इथले पुष्कळ लोक शिकारीला कॅनडात, अमेरिकेत जातात.

"तिथं शिकारीच येतात की. पण वाजवून दाखवायला पाहिजे. नुसती नळी कोण घेणार?"

वाजवणार कोण, हा प्रश्न होता. आमच्या दोन सेल्समनपैकी एक स्वतःच्या लग्नाला गावी गेला होता. दुसऱ्याच्या दातांना नुकत्याच तारा बसवल्या होत्या. साहेबांची नजर माझ्यावर आली.

"तुम्ही गणपतीत गाता की."

"आरतीला गाते सर. मागच्या रांगेत."

"मग या आता पुढं," साहेब म्हणाले आणि एक नळी माझ्या हातात दिली.

आम्ही दुबईजवळच अजमानला राहतो. मी, नवरा आणि दहावीतली मुलगी. रात्रीची जेवणं झाल्यावर मी ते रबर टाळूला चिकटवलं. जिभेनं ते वर दाबून धरायचं आणि जीभ व रबर यांच्यामधून हवा सोडायची, असं व्हिडिओतला म्हातारा शिकारी सांगत होता. तो सांगताना हसत होता. मला मात्र उलटीची उबळ आली. दोनदा, तीनदा आली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

मुलगी दारात येऊन उभी राहिली. "मम्मा, आर यू ओके? डू यू नीड अ डॉक्टर?"

"ऑफिसचं काम आहे गं."

"युअर ऑफिस इज वीअर्ड," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

चार-पाच दिवसांनी पहिला आवाज निघाला. तो खालून सुरू झाला, वर चढला, वरच्या वर फाटला, आणि प्रेशर कुकर व न तेल घातलेलं दार एकाच वेळी वाजल्यासारखा हॉलभर फिरला. नवरा क्रिकेट बघत होता. टीव्हीवरची नजर न काढता तो उठला, स्वयंपाकघरात गेला आणि गॅस चालू नाही हे बघून परत आला.

"तू होतीस?" त्यानं विचारलं.

"हो."

"बरं." आणि तो पुन्हा मॅच बघू लागला. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली आहेत.

दुसऱ्या दिवशी वॉचमन वर आला. शेजारपाजारचे म्हणतात, तुमच्या एसीचा कॉम्प्रेसर ओरडतो. मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "हां, बहुत आवाज करता है." हॉलचा एसी खरोखरच नीट थंड करत नव्हता आणि तो बदला म्हणून आम्ही कधीपासून मागे लागलो होतो. तेव्हा कुणी फिरकलं नव्हतं. आता शेजाऱ्यांचीच तक्रार म्हटल्यावर मेंटेनन्सची माणसं दुपारच्या आत शिडी घेऊन हजर. त्यांनी एसी खोलला, माना हलवल्या, मोटर बदलून दिली. मी सोफ्यावर बसून होते. नळी पाठीमागे उशीखाली.

ते गेल्यावर नवरा हळूच म्हणाला, "किचनचा एक्झॉस्टपण बिघडलाय. उद्या तिकडे उभं राहून वाजव."

पण मुलीची परीक्षा तोंडावर आली आणि तिनं घरात एल्क बंद केला. मग उरली गाडी.

रोज सकाळी मी अजमानहून दुबईला शेअरच्या गाडीनं जाते. गाडी एका केरळच्या गृहस्थांची. ते एका कंपनीत अकाउंटंट आहेत आणि गाडीही हिशोबाच्या वहीसारखी नीटनेटकी ठेवतात. गाडीत खायचं नाही, फोनवर मोठ्यानं बोलायचं नाही, एसीच्या बटणाला हात लावायचा नाही. मागच्या सीटवर एका डेंटल क्लिनिकची रिसेप्शनिस्ट असते. ती फिलिपिन्सची. गाडीत बसल्यावर आधी झोपते आणि दुबई जवळ आली की मेकअप करते. अशा गाडीत ओरडायची परवानगी कशी मागायची, हा विचार करण्यात माझे दोन दिवस गेले.

शेवटी विचारलं. अकाउंटंटनी पुढच्या सिग्नलला गाडी थांबवली आणि हँडब्रेक ओढला.

"इज इट रिलिजियस, मॅडम?"

"नाही. ऑफिशियल आहे."

"देन ओके. लेकिन सिर्फ जाम में. गाडी चलते टाइम नहीं."

वाटेत शारजा संपता संपता, दुबईच्या तोंडावर, रोज जाम असतोच. त्यामुळे मला भरपूर वेळ मिळणार होता. गाडी थांबली, मी रबर टाळूला लावलं आणि फुंकलं. मागे रिसेप्शनिस्टच्या हातातून मस्कारा पडला. ती झोपेत घाबरावी तशी माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं हात पुढे केला, मी रबर पुसून तिला दिलं. तिनं ते उलटसुलट करून बघितलं, मला तोंड उघडायला लावलं, फोनचा टॉर्च मारून आत पाहिलं.

"युअर माउथ, स्मॉल. धिस वन फॉर बिग अमेरिकन," ती म्हणाली. तिनं पर्समधून भुवया कापायची चिमुकली कात्री काढली आणि रबराच्या कडेची पट्टी दोन्ही बाजूंनी कातरली.

ते तोंडात असं बसलं की जसं काही माझ्याच मापाचं. मी फुंकलं. आवाज खालून निघाला, चढत गेला, वर बराच वेळ थरथरत राहिला आणि मग हळूच खाली उतरला. समोरच्या ट्रेलरचे लाल दिवे लागलेले होते.

"समवन इज व्हेरी सॅड," अकाउंटंट शेवटी म्हणाले.

त्या दिवसापासून ते बदलले. मी रात्री त्या म्हाताऱ्या शिकाऱ्याचा एक धडा बघायचा आणि सकाळी गाडीत सांगायचा, असा रिवाज पडला. शिकारी पुढे लपून गप्प बसतो आणि आवाज काढणारा त्याच्या बराच मागे असतो, म्हणजे आवाजाच्या शोधात आलेला नर शिकाऱ्याच्या समोरून जातो. सुरुवात कधी नराच्या आवाजानं करायची नाही. आधी मादीचा आवाज, मांजरीसारखा हलका, जणू विचारतेय की इथं कुणी आहे का. मग गप्प बसायचं. उत्तर आलं तरी लगेच बोलायचं नाही. नवशिके फार बोलतात आणि एल्क निघून जातो.

"माय वाइफ," अकाउंटंट म्हणाले. "एक बार पूछती है. धीरे से. फिर चुप. मैं किसी भी कमरे से आ जाता हूँ."

खोक्यांमध्ये मादीच्या आवाजासाठी रबराचे फुगेही निघाले होते, दाबले की म्याऊसारखे वाजणारे. त्यातला एक रिसेप्शनिस्टनं स्वतःकडे घेतला. नराला उत्तर देणारा दुसरा नर हवा होता. एके दिवशी जाममध्ये मी फुंकून थांबले आणि शेजारून, कुठलीही नळी न लावता, नुसत्या गळ्यातून, उत्तर आलं. आवाज जाडा होता, खोल होता, आणि शेवटी त्याला तीन-चार गुरगुरते ठसके होते. मी मान वळवली. अकाउंटंट दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून सरळ पुढे बघत होते. कान मात्र लाल झाले होते.

नंतर रोज आमची गाडी म्हणजे जंगल. मागून मादी बोलवायची, मी ओरडायची, अकाउंटंट मला दम द्यायचे. एकदा आम्ही तिघंही रंगात आलो असताना शेजारी पोलिसाची मोटारसायकल येऊन थांबली. पोलिसानं काचेवर बोटानं टकटक केलं. अकाउंटंटनी काच खाली घेतली.

"व्हॉट इज द प्रॉब्लेम?"

ते गृहस्थ आयुष्यात कधी खोटं बोलले नसावेत. "एल्क, सर," ते म्हणाले.

"व्हेअर?" पोलिसानं वाकून मागच्या सीटवर पाहिलं. रिसेप्शनिस्टनं त्याला हात हलवून नमस्कार केला आणि त्या गडबडीत फुगा दाबला गेला.

मी नळी पुढे केली. त्यानं ती घेतली, दुर्बिणीसारखी डोळ्याला लावून माझ्याकडे पाहिलं, मग कानाला लावली. काही ऐकू आलं नसावं. नळी परत दिली आणि पुढे बोट दाखवलं. आमच्या लेनमधल्या गाड्या कधीच पुढे सरकल्या होत्या.

"यल्ला, मूव्ह," तो म्हणाला. जाताना तो हसत होता की नाही, हे हेल्मेटमुळे कळलं नाही.

प्रदर्शनाच्या आधीच्या रविवारी साहेबांनी गोदामात रंगीत तालीम ठेवली. ऑगस्टमध्ये वाळवंटात जायची सोय नाही, म्हणून गोदामातच जंगल करायचं ठरलं. साहेबांनी माल सरकवून तंबू उभे केले, त्यांच्यामधून वाटा केल्या. मी टोकाला खोक्यांच्या मागे. साहेब शिकारी म्हणून मधे, घडीच्या खुर्चीवर, हातात बंदुकीऐवजी छत्री. आणि नर एल्क म्हणून आमच्या गाडीतले अकाउंटंट, पार दुसऱ्या टोकाला, शेगड्यांच्या रॅकच्या पलीकडे. ते हाफ शर्ट इस्त्री करून आले होते. त्यांनी एक अट घातली. आवाज खरा वाटला तरच ते येणार. उगाच माझं मन राखायला येणार नाहीत.

"ऑफ कोर्स," साहेब म्हणाले.

व्हिडिओत म्हटलं होतं की वारा फार महत्त्वाचा. नराकडून आपल्याकडे वारा हवा, नाहीतर त्याला माणसाचा वास येतो. म्हणून साहेबांनी नराच्या पाठीमागे उभा पंखा लावला होता.

मी सुरू केलं. आधी मादी. मग गप्प. मग पुन्हा मादी. मग नर. पलीकडून काही हालचाल नाही. घाम गळत होता, कुर्ता पाठीला चिकटला होता. मी पुन्हा फुंकलं. चांगलं आलं असं मला वाटलं.

"मॅडम," रॅकमागून आवाज आला, "स्टार्टिंग अच्छा था. बाद में कॉन्फिडन्स चला गया."

मी पुन्हा फुंकलं. "अभी जल्दी किया," एल्क म्हणाला.

साहेब खुर्चीत चुळबुळत होते. पंखा सारखा त्यांच्याच तोंडावर येत होता, म्हणून त्यांनी उठून तो माझ्या बाजूला आणून ठेवला. लगेच रॅकमागून आवाज. "मॅडम, विंड चेंज हो गया. कोकोनट ऑइल का स्मेल आ रहा है. मैं वापस जा रहा हूँ." आणि खरोखरच पावलं लांब जाताना ऐकू आली.

तासभर असं चाललं. मग साहेबांना भूक लागली. त्यांच्या बायकोनं सगळ्यांसाठी डबाभर कांदेपोहे दिले होते. साहेबांनी झाकण काढलं. पंखा अजून तिकडेच तोंड करून होता. मी खोक्याच्या फटीतून बघत होते. रॅकच्या कडेनं आधी चष्मा दिसला, मग इस्त्रीचा शर्ट. अकाउंटंट एक पाऊल टाकून थांबले, कान दिला, पुन्हा एक पाऊल टाकलं, आणि तंबूंच्या वाटेनं थेट साहेबांच्या पुढ्यात येऊन उभे राहिले. साहेबांनी छत्री रोखली.

"ठॉ," साहेब म्हणाले.

"एक प्लेट," अकाउंटंट म्हणाले.

प्रदर्शनात आमचा स्टॉल हॉलच्या मध्यावर होता. एका बाजूला ससाणे, डोळ्यांवर चामड्याच्या टोप्या घालून ओळीनं बसलेले. पलीकडच्या हॉलमध्ये बारीक कमरेचे अरबी शिकारी कुत्रे. समोरचा स्टॉल एका कॅनडाच्या गाइडचा. तो लोकांना तिकडच्या डोंगरात एल्कच्या शिकारीला नेतो. त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर भल्यामोठ्या नराचं चित्र होतं, आणि तो नर दिवसभर माझ्याकडे बघणार होता. मी सलवार-कमीजवर कंपनीची टोपी घालून उभी होते.

साहेबांनी माइक घेतला. "लेडीज अँड जंटलमेन, लाइव्ह एल्क."

बरीच माणसं धावत आली. एल्क कुठे आहे ते शोधू लागली, आणि मी दिसल्यावर त्यांचे चेहरे पडले. मी डोळे मिटले, शारजाचा जाम मनात आणला आणि फुंकलं. हॉलमधली कुजबुज थांबली. एका ससाण्यानं पंख झाडले. मग पलीकडच्या हॉलमधून कुत्रे रडायला लागले, आधी एक, मग सगळे. व्यवस्थापनाची एक मुलगी लगबगीनं आली आणि फार अदबीनं म्हणाली की आपण हे तासाला एकदाच कराल का. त्यामुळे मी तासाला एकदा ओरडू लागले. दुसऱ्या दिवशी लोक माझ्या आवाजावर जेवायला जात होते.

कॅनडाचा गाइड पहिल्या तीन वेळा नुसता ऐकत होता. चौथ्या वेळी मधली वाट ओलांडून आला. उंच, लाल दाढीचा माणूस. मला वाटलं, आता हा सगळ्यांदेखत सांगणार की हे काय चाललंय.

"किती मोसम शिकार केलीस?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

"एकही नाही. मी एल्क बघितलेलाही नाही."

"मग शिकलीस कुठं?"

"शारजात."

त्यानं मान डोलावली, जशी शारजा ही त्याच्या माहितीतली एखादी दरी असावी. मग म्हणाला, "तुझा नर तरुण आहे. थोडा भित्रा आहे, पण खरा आहे. असल्याला मारायला मोठे नर हमखास येतात."

साहेब मधे आले. "मॅडम, हे चांगलं म्हणतोय का वाईट?"

"चांगलं म्हणतोय, सर. म्हणजे मार खाण्यासारखा आवाज आहे."

साहेबांनी लगेच पाटी करून लावली, की कॅनडाच्या गाइडची पसंती.

त्याच दुपारी एक वृद्ध अरब गृहस्थ मुलाबरोबर आले. अंगात पायघोळ पांढरी कंदुरा, हातात काठी. इथल्या जुन्या पिढीचे कितीतरी लोक छान हिंदी बोलतात, त्यांचा व्यापारच मुंबईशी होता. मुलगा समोरच्या गाइडशी बोलत होता. त्याचं येत्या मोसमातलं एल्कच्या शिकारीचं बुकिंग झालं होतं आणि तो फार गंभीरपणे बुटांचे सोल तपासत होता. वडीलही बरोबर जाणार होते, थंड हवेसाठी. ते आमच्या घडीच्या खुर्चीवर बसले आणि मी ओरडेपर्यंत वाट पाहिली.

"बेटी, ये क्या बोलता है?"

"नर बोलतो, मी इथं आहे, मी मोठा आहे," मी हिंदीत समजावलं. "मादी बोलते, मीपण इथंच आहे."

"बस?"

"बस, एवढंच."

"हमारे घर में भी इतना ही है," ते म्हणाले आणि पोट हलवून हसले.

ते उरलेले सगळे दिवस येऊन बसले. त्यांना शिकायचं होतं. त्यांची कवळी होती, त्यामुळे टाळूचं रबर काही बसेना. एकदा तर रबर आणि कवळी दोन्ही बाहेर आले. मग मी त्यांना तोंडाशीच रबर बसवलेली नळी दिली. नर जमला. मग दाबायच्या फुग्यानं मादी जमली. मग बारीक शिट्टीसारखा पिल्लाचा आवाज, तो त्यांना सगळ्यांत आवडला. मी व्हिडिओतल्या शिकाऱ्याचे नियम त्यांना परत परत सांगितले, थोडं बोला, मग गप्प बसा, घाई करू नका. ते "खलास, समझ गया" म्हणत आणि लगेच पुन्हा वाजवत. मुलगा लांबून बघायचा आणि पुन्हा बुटांकडे वळायचा. जाताना म्हाताऱ्यांनी तिन्ही वस्तू विकत घेतल्या. मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, माय फादर विल ओन्ली होल्ड इट. ही विल नॉट यूज इट. राइट?"

मी म्हटलं, "इन्शाल्ला."

हवा जरा सुसह्य झाली तेव्हा, नोव्हेंबरात, एक पांढरी मोठी गाडी गोदामासमोर येऊन उभी राहिली. वृद्ध गृहस्थ काठी टेकत आत आले. साहेबांनी त्यांना चांगली खुर्ची दिली, चहा मागवला. ते शिकारीची गोष्ट सांगायला आले होते.

पाच दिवस डोंगरात काही दिसलं नव्हतं. सहाव्या दिवशी सकाळी गाइडनं त्यांना एका पडलेल्या झाडामागे बसवलं. पुढे मुलगा बंदूक घेऊन, त्याच्या शेजारी हे, आणि गाइड बराच मागे, आवाज काढायला. बर्फ भुरभुरत होतं. वारा तोंडावर. गाइडनं मादीचा आवाज काढला आणि थांबला. बराच वेळ गेला. मग लांबून, दरीच्या पलीकडून, उत्तर आलं.

"बेटी, तुम्हारा वाला आवाज छोटा है," ते म्हणाले. "वो... पेट में आता है." त्यांनी पोटावर हात ठेवला.

उत्तर जवळ आलं. पुन्हा आलं, आणखी जवळ. काटक्या मोडल्याचा आवाज झाला. आणि मग झाडांमधून तो पुढे आला. नाकातून वाफ निघत होती, शिंगांवर गवत अडकलेलं. तो थांबला आणि इकडेतिकडे बघू लागला, कोण बोलावतंय म्हणून. मुलगा नेम धरत होता. अजून दोन पावलं यायला हवा होता.

"आणि मग?" साहेबांनी विचारलं. त्यांचा चहा हातातच होता.

"मेरे को लगा, बेचारा इतना दूर से आया, कोई जवाब नहीं देता."

म्हणून त्यांनी जवाब दिला. आधी फुगा दाबला. एल्कनं कान टवकारले. मग त्यांना राहवलं नाही आणि त्यांनी पिल्लाची शिट्टी वाजवली. मग नळी उचलून पूर्ण ताकदीनं नर वाजवला, आणि नर संपायच्या आत दुसऱ्या हातानं पुन्हा मादी. एका पडलेल्या झाडामागून आख्खं कुटुंब एकदम बोलायला लागलं. एल्कनं मान उंच करून क्षणभर ऐकलं. मग तो वळला आणि आला त्याहून दुप्पट वेगानं दरीत उतरून गेला.

"गाइड क्या बोला?" मी विचारलं.

"बोला, उसको लगा घर में झगड़ा चल रहा है. शरीफ जानवर था, चला गया."

साहेब हसता हसता खुर्चीवरून घसरले. मुलगा मात्र दोन दिवस वडिलांशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी विमानतळावर, बॅगा तपासताना, त्याला एकाएकी हसू फुटलं आणि ते विमान सुटेपर्यंत थांबेना, असं वडिलांनी सांगितलं. पुढच्या वर्षी पुन्हा जायचं ठरलंय. म्हाताऱ्यांनी फक्त दुर्बीण न्यायची, अशी मुलाची अट आहे. त्यांनी ती कबूल केली आहे आणि म्हणूनच आज नवा फुगा घ्यायला आले होते, कारण जुना मुलानं जप्त केला होता.

साहेबांनी फुगा त्यांना भेट म्हणून दिला. ते निघायला उठले, मग काहीतरी आठवून पुन्हा बसले.

"तुमने देखा नहीं ना कभी?"

"नाही," मी म्हटलं. "चित्रात बघितलाय."

त्यांनी खिशातून फोन काढला. गडबडीत, नळी खाली ठेवता ठेवता, त्यांनी एक फोटो काढला होता. साहेब आणि मी दोन्ही बाजूंनी वाकलो. फोटोत झाडं होती, सगळी हललेली, करड्या रेषांसारखी. बर्फाचे ठिपके होते. एका कोपऱ्यात त्यांचं स्वतःचं बोट. मधे एक तपकिरी डाग.

"हा का?" साहेबांनी डागावर बोट ठेवलं.

"नहीं नहीं, वो लकड़ी है. उसके पीछे."

त्यांनी फोटो मोठा केला. डागाच्या मागे आणखी करड्या रेषा होत्या. मी डोळे बारीक करून बघत राहिले. ते माझ्याकडे बघत होते, लहान मुलानं आपण काढलेलं चित्र दाखवावं तसे.

"दिसला," मी म्हटलं. "केवढा मोठा आहे."

"है ना?" ते म्हणाले, आणि फोन साहेबांकडे वळवला.